मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा खुपतोय, कॉर्निया भरायला अजून एक ड्रॉप घालू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ६८ वर्षांचे, शुगर आहे, उजव्या डोळ्याचं फेको, म्हणजे मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन, होऊन १८ दिवस झालेत. तीन बाटल्या चालू आहेत, सकाळी उठल्यावर धूसर दिसतं, संध्याकाळी डोळा खुपतो, चुरचुरतो. डॉक्टरांनी मागच्या खेपेला "कॉर्नियावर जरा सूज आहे, थोडे ठिपके आहेत, ड्रॉप्स चालू ठेवा" एवढं सांगितलं. आता मेडिकलवाल्याने "याने जखम लवकर भरते" म्हणून चौथी बाटली काढून दिलीय आणि वरच्या मजल्यावरचे काका म्हणतायत की त्यातलं एक स्टिरॉइड आहे, ते आजच्या आज बंद करा. तर आता करायचं काय.

आधी उत्तर देऊन टाकतो म्हणजे तुम्ही बाकीचं निवांत वाचाल. चौथी बाटली उघडू नका. काकांचं ऐकून स्टिरॉइड एकदम थांबवू नका. आणि पुढच्या तारखेची वाट न बघता एक-दोन दिवसात ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे एक फेरी मारा, काय विचारायचं ते खाली सांगतो. मी डोळा बघितलेला नाही, त्यामुळे बाटल्या बदलायचा निर्णय त्यांचाच, पण नेमकं काय चाललंय ते तुम्हाला समजलं तर विचारणं सोपं जाईल.

मी २२ वर्षं डोळ्यांची ऑपरेशनं करतोय, त्यातली बरीचशी तालुक्याच्या गावात, आणि रोज एक तरी माणूस "डॉक्टर, कॉर्निया भरायचा ड्रॉप द्या" असं म्हणतोच. असा ड्रॉप नसतो हो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच, पुस्तकात पारपटल म्हणतात, जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड, आणि तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही, तिला ऑक्सिजन मिळतो तो अश्रूंतून, हवेतला. तिची वरची कातडी म्हणजे पेशींचे पाच-सात थर, ते तसेही आठ-दहा दिवसांत बदलत असतात. ओरखडा पडला की कडेच्या पेशी चपट्या होऊन सरकत सरकत ती जागा झाकतात, लहान ओरखडा असेल तर एक-दोन दिवसांत झाकला जातो, आणि नव्या पेशींचा पुरवठा होतो तो काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेवरून. हे सगळं कॉर्निया स्वतः करतो. आपण बाटलीतून घालतो त्यातलं एक औषध जंतू लांब ठेवतं, दुसरं सूज कमी करतं, तिसरं ओल टिकवतं. शेतात पीक आपण ओढून वर काढत नाही, राखण करतो, तसंच.

आणि राखणदारच जास्त झाले तर तेच पीक तुडवतात. अठराव्या दिवशीची तुमच्या वडिलांची तक्रार मला थोडी त्यातली वाटतेय.

आता तीन बाटल्या कोणत्या ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण आपल्याकडे साधारण ठरलेलं असतं. एक अँटिबायोटिक, बहुतेक मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के. एक स्टिरॉइड, प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का किंवा डेक्सामेथासोन किंवा त्याचा कोणी भाऊबंद. आणि तिसरी वेदना-सूज कमी करणारी पण स्टिरॉइड नसलेली, म्हणजे नेपाफेनॅक, केटोरोलॅक, ब्रोमफेनॅक यातलं काहीतरी. शुगरच्या पेशंटला ही तिसरी मुद्दाम जास्त दिवस देतात कारण त्यांच्यात पडद्याच्या मधोमध पाणी धरून नजर कमी होण्याची भीती जास्त असते. म्हणजे ही बाटली मागच्या पडद्यासाठी आहे, पुढच्या काचेसाठी नाही. उलट पुढच्या काचेला ती थोडी त्रासच देते, काचेची संवेदना कमी करते. १९९९ साली अमेरिकेत याच गटातल्या डायक्लोफेनॅकचं एक जेनेरिक घातलेल्या काही पेशंटांचा कॉर्निया अक्षरशः वितळला आणि ते औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. घाबरवायला सांगत नाहीये, ठरल्याप्रमाणे घातलं तर लाखो लोकांना काही होत नाही. पण कॉर्नियावर ठिपके आहेत, शुगर आहे आणि ही बाटली चालू आहे, असे तिन्ही योग एकत्र आले की आम्ही त्या माणसाला लवकर परत बोलावतो.

स्टिरॉइडचं आता. काकांचं अर्धं बरोबर आहे. स्टिरॉइडने जखम भरायचा वेग मंदावतो, बुरशीचं किंवा नागिणीच्या जातीचं इन्फेक्शन असेल तर ते भडकतं, आणि दोन-तीन आठवड्यांनंतर काही लोकांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. पण डोळ्यात आत कापाकापी झालीय, लेन्स बसवलीय, आतली सूज शांत करायला आपल्याकडे त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. आणि मेख अशी की ते एकदम बंद केलं तर दबलेली सूज उसळून वर येते, डोळा लाल, उजेड सहन होत नाही, मग पुन्हा तासातासाला घालायची वेळ येते. म्हणून उतरता डोस असतो, पहिला आठवडा चार वेळा, मग तीन, मग दोन, मग एक, कुणी सहापासून सुरू करतं. तुमच्या कागदावर तो लिहिलेला असणार. १८ व्या दिवशी वडील बहुतेक तीन नाहीतर दोनवर असायला हवेत, आणि इथेच मी विचारतो, खरंच उतरवलाय का? कारण निम्म्या घरात पहिल्या दिवशीचा चार वेळाच चालू असतो, कागद देवघरात ठेवलेला असतो आणि औषध आठवणीवर चाललेलं असतं.

याच्यात अजून एक घोळ होतो. आपल्याकडे अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकाच बाटलीत मिसळून मिळतं, पेशंटला सोपं पडतं म्हणून आम्हीही देतो. पण मग स्टिरॉइड उतरवताना अँटिबायोटिकही उतरत जातं आणि जे आठवड्या-दोन आठवड्यांत संपायला हवं होतं ते महिनाभर दिवसातून एकदा असं ओढलं जातं. जंतूंना सराव द्यायचा असेल तर याहून चांगली पद्धत नाही! मिक्स बाटली असेल तर डॉक्टरांना विचारा की आता नुसत्या स्टिरॉइडवर जायचं का.

सकाळची धूसर नजर आणि संध्याकाळचं खुपणं, हे तुम्ही एकाच वाक्यात लिहिलंय पण ती दोन वेगळी दुखणी आहेत, आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती तीच आहे.

सकाळचं आधी. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्यांचं काम पंपासारखं, कॉर्नियात शिरलेलं पाणी बाहेर काढत राहायचं म्हणजे काच स्वच्छ राहते. मोठ्या माणसात त्या एका चौरस मिलीमीटरला साधारण अडीच हजार असतात, वयाने कमी होतात आणि मेल्या तर नव्या येत नाहीत, शेजारच्याच पसरून जागा भरतात. मोतीबिंदू कडक झालेला असला की तो फोडायला मशीनची ताकद जास्त लागते, तेव्हा या पेशी दमतात आणि काच थोडी सुजते. रात्री डोळा मिटलेला असतो, बाष्पीभवन बंद, म्हणून सकाळी सूज जास्त, दहा-अकरापर्यंत डोळा उघडा राहिला की पाणी उडून नजर खुलते. तुमच्या वडिलांचं असंच असेल, म्हणजे रोज दुपारी नजर साफ होतेय आणि आठवड्यागणिक सकाळचा धूसरपणा लवकर जातोय, तर पंप सावरतोय. इथे कधीकधी आम्ही ५ टक्के मिठाच्या पाण्याचा ड्रॉप देतो, तो पाणी ओढून घेतो. चांगलाच झोंबतो आणि वरची कातडी फाटलेली असेल तर अजून झोंबतो, त्यामुळे तो स्वतःहून आणायचा नाही. घरी मीठ कालवून तर अजिबातच नाही, हे लिहावं लागतंय कारण एकाने केलं होतं.

संध्याकाळचं खुपणं मात्र वरच्या कातडीचं. ठिपके म्हणजे तेच. तपासताना डॉक्टरांनी डोळ्याला पिवळी-केशरी कागदाची पट्टी लावून निळा उजेड टाकला असेल, जिथे कातडी उखडलीय तिथे हिरवं चमकतं. आता याची कारणं मोजा. फेकोसाठी कॉर्नियाच्या कडेला दोन-अडीच मिलीमीटरची चीर असते, तिथे बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे काही आठवडे-महिने डोळ्याला कोरडेपणाची जाणीवच नीट होत नाही, पापण्या कमी मिटतात. शुगरमुळे कातडी खालच्या थराला नीट चिकटत नाही, भरायलाही वेळ लागतो. वर वेदनाशामक ड्रॉप. आणि वर बाटलीतलं प्रिझर्वेटिव्ह.

या प्रिझर्वेटिव्हबद्दल फारसं कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबतो. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बहुतेक ड्रॉप्समध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड घालतात. तो एक प्रकारचा साबण समजा. जंतूचं कवच फोडतो तसाच अश्रूंचा तेलकट थर आणि वरच्या पेशीही थोड्या थोड्या फोडतो. दिवसातून दोन-तीनदा गेला तर डोळा सहन करतो. पण तीन बाटल्या मिळून दिवसाला अकरा-बारा थेंब, त्यात चौथी घातली की पंधरा, मग जी कातडी भरायला चौथी बाटली आणली तिलाच रोज पंधरा वेळा साबण. मेडिकलवाल्याने दिलेलं बहुतेक कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायल्युरोनेटचं वंगण असेल, ते वाईट नाही हो, उलट तुमच्या वडिलांना कदाचित तेच लागेल. पण बिनप्रिझर्वेटिव्हचं, आणि कुठल्या तरी बाटलीच्या बदल्यात किंवा ती कमी करून. त्याने काय दिलंय ते न बघता मी हो म्हणणार नाही, कारण "जखमेचा ड्रॉप" म्हणून काउंटरवरून अँटिबायोटिक-स्टिरॉइडची मिक्स बाटली दिलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय, म्हणजे वडिलांना एकच औषध दोन नावांनी डबल गेलं असतं. बाटलीवरचं मोठं नाव नाही, खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

एक बाटली कुठल्याही परिस्थितीत नको, ती म्हणजे डोळा बधिर करणारा ड्रॉप, प्रोपॅराकेन. आम्ही तपासताना एक थेंब घालतो, पेशंटला स्वर्ग मिळाल्यासारखं वाटतं आणि तो नाव विचारून घेतो. माझ्याकडे एक वेल्डिंग करणारा आला होता, डोळ्यात कचरा गेला म्हणून कुठूनतरी ती बाटली मिळवून आठवडाभर घालत होता. दुखत नव्हतं, पण कातडी भरणंच थांबलं आणि काच पांढुरकी झाली. बधिर डोळ्यात नसांकडून येणारी खबर बंद होते आणि त्या खबरीशिवाय पेशी दुरुस्तीचं काम नीट करत नाहीत. नसांचा नि जखम भरण्याचा हा संबंध एवढा पक्का आहे की नसा वाढवणारं प्रथिनच ड्रॉपमध्ये घालून २०१८ साली अमेरिकेत औषध मंजूर झालं, सेनेगर्मिन नावाचं. ते प्रथिन शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मोंटाल्चिनींना १९८६ चं नोबेल मिळालं होतं, स्टॅनली कोहेन यांच्याबरोबर. भयंकर महाग आहे आणि तुमच्या वडिलांना त्याची काहीही गरज नाही, पण कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर "कॉर्निया भरायचं नवीन औषध" म्हणून पाठवेल तेव्हा ओळखता यावं म्हणून सांगितलं. त्याच्या अलीकडची पायरी म्हणजे स्वतःच्या रक्तातल्या सिरमचे ड्रॉप्स, रक्त काढून फिरवून वरचं पाणी घ्यायचं, पातळ करून छोट्या कुप्यांत थंड ठेवायचं. आठवडेच्या आठवडे जखम उघडी राहिली तर मोठ्या हॉस्पिटलात करतात. ठिपक्यांसाठी नाही.

आता घालायची पद्धत, इथे मी सगळ्यात जास्त भांडतो. बाटलीचा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलीटरचा असतो आणि डोळ्यात आधीच असलेलं पाणी सात-आठ मायक्रोलीटर, म्हणजे एका थेंबानेच डोळा भरून गालावर ओघळतो. दोन थेंब घातले तर दुसरा नुसता पहिल्याला बाहेर ढकलतो. म्हणून एकच. दोन औषधांत घड्याळ लावून निदान पाच मिनिटं, टीव्हीवरच्या एका ब्रेकएवढं म्हणा. पातळ औषध आधी, दुधाळ नंतर, जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी, कारण जेल आधी गेलं की वर ताडपत्री घातल्यासारखं होतं, बाकीचं आत जातच नाही. प्रेडनिसोलोनची बाटली दुधाळ असते, औषध तळाला बसतं, ती चांगली दहा-पंधरा वेळा हलवायची, नाहीतर पहिले दोन आठवडे नुसतं पाणी जातं आणि नेमकं डोस उतरवायच्या वेळी गाळ जातो!

हात साबणाने धुवायचे, वडिलांना आडवं करा, खालची पापणी गालाच्या हाडावर बोट ठेवून खाली ओढा म्हणजे डोळ्यावर दाब येत नाही, वर बघायला सांगा, पापणी ओढल्यावर जो खिसा होतो त्यात थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसाला, बोटाला कशालाच लागता कामा नये. मग डोळा हळू मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलकं दाबून धरायचं, तिथून औषध नाकात आणि घशात उतरतं ते थांबतं. घशाला कडू लागतं म्हणून तक्रार करणारे सगळे इथे चुकतात. घरात कुणी नसेल आणि हात थरथरत असेल तर आडवं होऊन डोळा मिटायचा, नाकाकडच्या स्वच्छ पुसलेल्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि डोळा उघडायचा, जातो आत.

बाटलीचा हिशोबही ठेवा. ५ मिलीच्या बाटलीत साधारण शंभर थेंब असतात, दिवसाला चार म्हणजे तीन आठवड्यांच्या वर पुरायला हवी. आठवड्यात संपली तर अर्धं उशीवर जातंय. महिन्याने अजून भरलेलीच असेल तर मात्र औषध गेलंच नाही, एक आजी मला अशी गच्च भरलेली बाटली दाखवून "रोज घालते हो" म्हणत होत्या, नंतर कळलं झाकण फिरवल्यावर आतलं सील टोचलं जातं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्या रोज कोरडी बाटली डोळ्यावर दाबत होत्या. चूक आमची होती, त्यांची नाही. उघडलेली बाटली एक महिन्याने टाकायची, थोडी उरली म्हणून दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवायची नाही. आणि डोळ्याची बाटली कानाच्या बाटलीजवळ किंवा चिकटवायच्या गोंदाजवळ ठेवू नका, सारख्याच दिसतात, पापण्या चिकटून आलेले पेशंट मी पाहिलेत.

गुलाबजल, मध, कोथिंबिरीचा रस, गाईचं तूप, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीही सध्या डोळ्यात नको. निर्जंतुक नसतं, आणि ही टाके नसलेली चीर पहिले काही आठवडे नुसती मिटलेली असते, शिवलेली नसते. निर्जंतुक म्हणून विकलेल्या बाटलीचंही कधी काय होईल सांगता येत नाही, २०२३ मध्ये भारतात बनून अमेरिकेत गेलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांत औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडला, लोकांचे डोळे गेले, काही जीवही गेले. मग वाटीतल्या गुलाबजलाचं काय बोलायचं.

डॉक्टरांकडे जाताना चारही बाटल्या आणि कागद पिशवीत घालून न्या. विचारायचं एवढंच: ठिपके वाढले की कमी झाले, प्रेशर किती आहे, अँटिबायोटिक आता थांबवायचं का, वेदनाशामक ड्रॉप पडद्यासाठी किती दिवस ठेवायचा आणि त्यातला दिवसातून एकदाच घालायचा प्रकार चालेल का, आणि बिनप्रिझर्वेटिव्हचं वंगण सुरू करायचं का. वाईट वाटून घेणारा डॉक्टर असला तर "संध्याकाळी फार खुपतं हो" एवढ्यानेच सुरुवात करा, बाकी ते स्वतःच बघतील. गेल्या महिन्याभरातली शुगर किती राहिली तेही लिहून न्या, ती २५० च्या आसपास फिरत असेल तर बाटल्या बदलून फार फरक पडणार नाही.

आणि यातलं काही झालं तर उद्यावर टाकायचं नाही, रविवार असो की दिवाळी: दुखणं वाढतंय, कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, लाली वाढतेय, पू किंवा घट्ट चिपडं येतायत, काचेवर पांढरा ठिपका दिसतोय, उजेडाकडे बघवत नाही. तेव्हा ड्रॉप वाढवून बघू, सकाळपर्यंत थांबू, असं करू नका, काही तासांनीही फरक पडतो. त्यांचा फोन लागला नाही तर जवळच्या कुठल्याही डोळ्याच्या हॉस्पिटलात जा.

चष्म्याचं तुम्ही शेवटी विचारलंय. एवढ्यात नंबर काढू नका. काच सुजलेली असताना आणि ठिपके असताना सकाळचा नंबर वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा येतो. साधारण महिना-दीड महिन्याने, ड्रॉप्स उतरले आणि सकाळ-संध्याकाळ सारखं दिसायला लागलं की काढा. तोवर पेपर वाचायचाच असेल तर त्यांचा जुना जवळचा चष्मा लावून बघू देत, डोळ्याला त्याने काही होत नाही.